अकरा चाळीस

तुम्हाला कपांबद्दल ऐकायचं असेल.
होते, एकोणीस. एकात साखरेचे खडे,
एकात खूर कोरायच्या आकड्या,
सगळ्यांत मोठ्यात मांजरी व्याली,
म्हणून त्या वर्षी तो पाहुण्यांना दाखवता आला नाही.

हनोरा डेव्हरू. नवरा लिननच्या गिरण्यांचा मालक,
बाईंहून सव्वीस वर्षांनी मोठा.
येताना त्यांना दिली किल्डेअरची तीनशे एकर हिरवळ,
जाताना विधवेचं काळं.
काळं त्यांनी सहा महिने वापरलं. हिरवळ अखेरपर्यंत.

आमच्याकडचं पाणी चुनखडीचं, हाडं घट्ट होतात,
घोड्यांची. माणसांचं सांगता येत नाही.
डब्लिनचे लोक म्हणायचे, बाईमाणूस, पैसा फुंकणार,
घोडामैदान काही लांब नाही.
नव्हतंच लांब. कर्राचं मैदान इथून साडेचार मैल.
तिसऱ्या वर्षी बाईंची तांबडी घोडी तिथे दीड लांबीनं जिंकली,
आणि बाई इथे,
दुसऱ्या एका घोडीचं दुखरं पोट चोळत.
म्हणाल्या, टियर्नी, रेडिओ जरासा मोठा कर.

मी रात्रपाळीचा. विणीच्या दिवसांत
पेंढ्यावर झोपायचं, एक कान उघडा ठेवून.
सत्तावन्न साल, एकतीस डिसेंबर.
मस्लिनला तीन आठवडे आधीच घाम फुटला.

तुम्हाला कायदा ठाऊक नसेल:
शर्यतीचे घोडे सगळे एकाच दिवशी वाढतात,
एक जानेवारीला, एकदम.
शिंगरू पडलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात
अकरा चाळीस.
म्हणजे वीस मिनिटांनी ते एक वर्षाचं.
अजून ओलं, पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही,
आणि एक वर्षाचं.
वरातीमागून घोडं ऐकलं होतं,
हे वरातीच्या आधीच येऊन चौकात उभं.

वही माझ्याकडे होती. पेन्सिलही.
मी म्हटलं, बाई, इथे आहे कोण?
तुम्ही, मी, मस्लिन.
हे घड्याळ तसंही मागे पडतं.
(त्याच्या बापाच्या एका भेटीला
माझ्या नऊ वर्षांचा पगार पडला होता.)

बाईंच्या बाह्या कोपराच्या वर, हात लाल.
त्यांनी नाळेला टिंक्चर लावलं, बोलल्या नाहीत.
गावातली घंटा सुरू झाली, बारा,
आणि आम्ही बघत बसलो
एक वर्ष कसं होतं ते.
काही झालं नाही. ते उठलं, पडलं, उठलं.

मग म्हणाल्या,
माझंही वय एकदा वाढवून लिहिलं होतं,
लग्नाच्या रजिस्टरात. मामांनी. दोन वर्षं.
ती दोन वर्षं मला अजून सापडलेली नाहीत.
लिही, अकरा चाळीस.

लिहिलं. त्याचं नावही पडलं वीस मिनिटं.
ट्रेनर आला, त्याला बरोबरीच्यांशेजारी उभं केलं,
ते वीतभर उंच. चहा पिऊन गेला.
धावला नाही कधीच. खिडकीखालच्या कुरणात राहिला,
सफरचंदाची सालं खात.
बाई रोज सकाळी, नाइटगाउनवर कोट चढवून,
त्याच्या खांद्याला टेकून उभ्या राहायच्या.
बोलायच्या का, ते मला माहीत नाही.
तेवढं अंतर मी राखलं.

त्या गेल्या मार्चमध्ये. लंडनहून भाचे आले.
त्रेचाळीस घोडी लिलावात, मस्लिनच्या नातीसुद्धा,
कप वजनावर.
यादीत वीस मिनिटं नव्हता, कोणी विचारलंही नाही.
संध्याकाळी मी दोर घेऊन गेलो.
दोराची गरज पडली नाही,
तीन मैल माझ्यामागे चालत आला.

आता दात दोघांचेही गेले.
ओट भिजवतो, थोडे त्याला, थोडे मला.
वर्षअखेरीला अकरा चाळीसला कंदील घेऊन जातो,
बारापर्यंत बसतो.
थंडी फार असते हल्ली.
घंटा झाली तरी तो कानसुद्धा हलवत नाही.